पेशंटसोबत कोण आहे?

सिंदी मेघे, वर्धा
१८ जून २०२४

चि. विवेक,
जयभीम.

फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतोस, कारण निळ्या खुणा दिसतात, पण उत्तर देत नाहीस. म्हणून हे पत्र तुझ्या बँकेच्या पत्त्यावर टाकते आहे. सांगलीच्या शाखेतला शिपाई ते तुझ्या टेबलावर आणून ठेवील आणि चार माणसांदेखत तू ते फाडणार नाहीस. एवढं मी माझ्या धाकट्या भावाला ओळखते.

मेघा माझ्याकडे आहे. काल गिरडहून घेऊन आले. बायकोला "महिनाभर हवापालट" म्हणून एप्रिलमध्ये माहेरी सोडलंस आणि मागच्या मागे सांगलीला निघून गेलास. तिला ते कळलं घरमालकाच्या फोनवरून. सामान कुठं पाठवू, असं त्यानं तिलाच विचारलं. तुझे सासरे भैयाजी, त्यांना आता धड दिसत नाही. तिच्या भावजयीला शेत आहे, दोन लेकरं आहेत. बाई वाईट नाही, पण सकाळी संधिवातानं मेघाचे सांधे आखडलेले असतात तेव्हा तिला उठवून बसवायला कोणाला वेळ आहे? मी गेले तेव्हा मेघा ओसरीत चहाचा कप दोन्ही तळहातांत धरून बसली होती. बोटं वळत नव्हती. मला पाहून म्हणाली, "ताई, केस विंचरून देता काय?" मी तिचे केस विंचरले आणि तिची बॅग भरली.

बदली बँकेनं केली असं तू सगळ्यांना सांगितलंस. तुझ्याच जुन्या शाखेतले पुंडलिकराव मला विहारात भेटले. ते म्हणाले, विवेकनं अर्ज करून मागून घेतली. त्यांना वाटलं मला माहीत असेल. मीही माहीत असल्यासारखी मान हलवली.

आणि विहारातल्या बायका काय म्हणतात ते ऐक. बिचाऱ्या विवेकनं किती केलं म्हणे, स्वतः कुकर लावून ऑफिसात जायचा. सुमित्राबाईंनी तर डोळ्याला पदर लावला. माझ्या नवऱ्याला कंपवात होऊन किती काळ झाला हे सुमित्राबाईंना ठाऊक आहे. माझ्या कुकरसाठी अजून कोणी डोळ्याला पदर लावलेला नाही.

मी भांडायला लिहीत नाही. मेघा तुझी वाट पाहते. कधी येतोस ते कळव.

कांताताई


४ ऑगस्ट २०२४

विवेक,
जयभीम.

पत्राला मेसेजनं उत्तर, तेही एवढंसं. "ताई, तू यात पडू नकोस. तुला भाऊजींचं करणं जमलं कारण बायकांना ते उपजतच जमतं. मी प्रयत्न केला. माझ्याच्यानं होत नाही."

उपजत. अंगणवाडीतून घरी येईपर्यंत मी या शब्दावर धुमसत होते. तुझ्या भाऊजींचा हात स्टेअरिंगवर थरथरायला लागला आणि एसटीनं त्यांना गाडीवरून उतरवलं, तेव्हा मला माणसाची दाढी करता येत नव्हती. उपजत आली नाही. पहिल्यांदा मी त्यांची हनुवटी कापली, हे खेकसले, आणि मी साबणाची वाटी अंगणात फेकून दिली. जेवताना सांडतात म्हणून मी त्यांच्यावर ओरडलेली आहे, पाहुण्यांसमोर. हे शिकावं लागतं रे, तू बँकेतलं काम शिकलास तसंच. तुला जमेल का, असं मला कोणी विचारलं नाही. तुला सगळ्यांनी विचारलं, एवढाच फरक.

गेल्या दिवाळीत तू मला म्हणाला होतास, ताई, मला संध्याकाळी घरी जावंसंच वाटत नाही. मी तेव्हा तुला झापलं. मला वाटतं का जावंसं? अंगणवाडी सुटली की मदतनीस अन्नपूर्णा खिचडीची भांडी घासून ठेवते आणि जाते. मी ती पुन्हा घासते. लख्ख असलेली पातेली. घरी गेलं की यांना उठवायचं, फिरवायचं, गोळी द्यायची, सकाळपासून टीव्हीवर काय पाहिलं ते ऐकायचं. म्हणून मी पातेली घासत बसते. मग कुलूप लावते आणि घरीच जाते. सांगलीला जात नाही.

परवा मेघाला दवाखान्यात नेलं. बाकावर बसल्या बसल्या ती मला हळूच म्हणाली, "ताई, पाहा जरा." मी पाहिलं. पुरुष पेशंट होता तिथं शेजारी बायको, मांडीवर फाईल आणि पाण्याची बाटली. बाई पेशंट होती तिथं आई, बहीण, मुलगी, नाहीतर रिकामी जागा. नवरे अगदी नव्हतेच असं म्हणणार नाही. हिंगणघाटकडचा एक म्हातारा खाली बसून बायकोच्या चपलेचा पट्टा लावत होता, आणि सगळ्या बायका त्याच्याकडे नवरदेव पाहावा तशा पाहत होत्या. तेवढ्यात नर्सनं आवाज दिला, पेशंटसोबत कोण आहे? मी उठले. नातं विचारलं. मी म्हटलं, नणंद. तिनं मान वर करून माझ्याकडे नीट पाहून घेतलं.

डॉक्टर म्हणाले, आठवड्यातून एकदा घ्यायची जी गोळी आहे ती मध्येच बंद करायला नको होती. तुला आठवत असेल. गुण यायला वेळ लागतो म्हटल्यावर तूच ती बंद करून तिला काढेवाल्याकडे नेलंस, मग त्याच्याही पुढच्या गावच्या काढेवाल्याकडे. तू काही केलं नाहीस असं मी म्हणत नाही. तू धावपळ केलीस. ती बरी होईना तेव्हा तू थकलास. पण ही बिमारी बरी होणारी नाही, सांभाळायची आहे. धावपळ संपल्यावरच खरं काम सुरू होतं आणि नेमका तिथंच तू उठून गेलास.

गोळी पुन्हा सुरू केली आहे.

कांताताई


१४ ऑक्टोबर २०२४

विवेक,

आज माय आली होती. समुद्रपूरहून सकाळच्या बसनं, पांढरं लुगडं नेसून, विहारात वंदनेला. मग घरी जेवली. पान खाता खाता तिनं विषय काढला की विवेकसाठी कोणी एखादी बाई पाहावी. मेघाला लेकरू नाही, पुढं होईल असं वाटत नाही, कोणी सोडलेली-बिडलेली मिळाली तर दोघांचं भलं होईल. मेघाचं काय, तर ती माझ्याकडे आहेच की. मी तिला गिरडहून आणलं ते तुझ्या आणि मायच्या सोयीसाठीच जणू.

मी विचारलं, हे विवेकनं सांगितलं का? ती म्हणाली, त्यानं नाही म्हटलं नाही. म्हणजे मायचे फोन तू उचलतोस तर.

"तो मानूस हाये कांता," ती म्हणाली. "मानसाले एकटं राहाता येत नाई."

"आबा गेले तेव्हा तू पस्तिशीची होतीस. तू कशी राहिलीस?"

"मी त बाई हावो."

मी म्हटलं, माझा नवरा बिमार पडला तेव्हा तू माझ्यासाठी दुसरा पाहिलास का? माय हसली. तिला वाटलं मी गंमत केली. विवेक, मला आपल्या मायचा राग येत नाही, थकवा येतो. तिच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर चेंडू मारत बसणं, दमतो तो मारणाराच.

मेघा आतल्या खोलीत होती. ती आता दहावीच्या चार मुलींची विज्ञानाची शिकवणी घेते. बी.एस्सी. आहे ती, तुला आठवण करून देते. मुली गेल्या, माय गेली, आणि मग ही बाहेर आली. मला वाटलं रडेल. ती माझ्यावरच चिडली.

"तुमी त्यायले काऊन लिहून राह्यल्या, ताई? मी वाट पाह्यतो म्हनून लिहिलं न? मले इचारलं होतं काय?"

जूनचं पत्र टपालात टाकण्याआधी घरात पडलं होतं, तेव्हा तिनं ते वाचलं असावं. खरं आहे, ती वाट पाहते असं मी माझ्या मनानं लिहिलं होतं. गिरडहून आल्यापासून तिनं तुझं नाव एकदाही काढलं नव्हतं. मला वाटलं, असं लिहिलं की तुला लाज वाटेल. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, माझ्या नावानं कोणाला लाज आणू नका, मी काही देणगीची पेटी नाही. मग रात्रीपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

बोलत होती ती तुझ्या भाऊजींशी. त्यांचं दोघांचं भलतंच जमलं आहे. संध्याकाळी लसूण सोलायला बसतात. हिची बोटं वळत नाहीत, यांची थांबत नाहीत. अर्धा लसूण जमिनीवर. हे म्हणतात, मी एसटीत होतो तेव्हा अख्खी बस हलायची, आता मी एकटाच हलतो. ती खुदखुदते. मी गॅसपाशी उभी राहून लसणाची वाट पाहते. दोन बिमार माणसं हसत बसतात आणि घरातली एकटी धडधाकट बाई चिडचिड करते, असं आमच्या घराचं झालं आहे. यांनी मला असं हसवल्याला किती काळ लोटला, आठवत नाही.

यापुढं मी तुला ये म्हणणार नाही. मेघानं बजावलं आहे. पण लिहीन. तू माझा भाऊ आहेस आणि मला दुसरीकडे कुठं चिडता येत नाही.

कांताताई


९ डिसेंबर २०२४

विवेक,

माझा डावा हात मोडला आहे. मनगट. अंगणात पाणी सांडलं होतं त्यावरून घसरले. मायनं तुला सांगितलं असेल. तू विचारलं नाहीस तेही ठीक.

तुला हे लिहायचं नव्हतं, पण दुसऱ्या कोणाला लिहू? पुण्याला काजलला सांगितलं तर पोरगी नोकरी टाकून धावत येईल आणि बापाशी भांडेल.

मी अंगणात पडले होते. हात विचित्र वाकडा दिसत होता. हे दारात आले, चौकट धरून उभे राहिले, माझ्याकडे पाहिलं. आणि पहिलं काय बोलले असतील?

"मंग माह्या गोया कोन देईन?"

त्यांच्या तोंडून भीतीनं निघालं ते, हे मला कळतं. गोळी चुकली की यांचं शरीर लाकडासारखं होतं. सगळं कळतं. तरी त्या क्षणी मला वाटलं, मी माणूस नाही, घड्याळ आहे. पडून बंद पडलेलं.

दवाखान्यात माझ्यासोबत मेघा आली. जिला स्वतःचे हात धड उचलता येत नाहीत ती. ऑटोवाल्याला तिनंच हाक मारली, एक्स-रेच्या रांगेत तीच उभी राहिली. आता तिची सूज बरीच उतरली आहे, सकाळ तेवढी जड जाते. घरी आल्यावर तिनं स्वयंपाकाचा ताबा घेतला. पोळ्या जमत नाहीत म्हणून रोज भात. जेवढं जमेल तेवढंच करते आणि जमत नाही ते सरळ सांगते. मला हे कधी आलं नाही.

मी यांच्याशी बोलणं बंद केलं. ठरवून नाही, आतून शब्दच येईनात. गोळी समोर ठेवायची आणि निघून जायचं. मग मेघानं त्यांना बसवलं आणि त्यांच्या मोबाईलमध्ये गजर लावून दिले. डब्याचं झाकण त्यांना उघडत नव्हतं तर गोळ्या उघड्या वाट्यांत काढून ठेवायला शिकवलं. मी पाहत होते. मला वाटलं होतं चार दिवसांत कंटाळतील. नाही कंटाळले.

परवा सकाळी मी उठले तर हे स्वयंपाकघरातून चालत येत होते. हातात माझ्यासाठी चहा. अर्धा बशीत, बराचसा फरशीवर, घोटभर कपात. म्हणाले, घे. मला काय वाटलं असेल सांग. विहारातल्या बायकांनी पाहिलं असतं तर डोळ्याला पदर लावला असता. मला संताप आला. हे यांना येत होतं. गजर लावता येत होता, वाटीतली गोळी उचलता येत होती, चहा सांडत का होईना आणता येत होता. मग इतकी वर्षं मला का कोणी सांगितलं नाही? आणि मी तरी का म्हटलं नाही, की तुम्हीच घ्या?

चहा प्यायले. साखर नव्हती.

कांता


२ फेब्रुवारी २०२५

विवेक,
जयभीम.

काल फोनवर तू रडत होतास, मी हो-हो म्हणत गेले आणि बोलायचं ते राहिलं. म्हणून लिहिते.

आधी हे, की तू वाचलास याचा मला आनंद आहे. रात्रभर झोप नव्हती. बेचाळिशीत हार्ट अटॅक, वर शुगर निघालेली. स्टेंट टाकायच्या आधी सहीला कोणी नव्हतं आणि बँकेतल्या सहकाऱ्यानं सही केली, हे तू सांगितलंस. तिथंही नर्सनं तेच विचारलं असेल, पेशंटसोबत कोण आहे.

मग तू म्हणालास, "ताई, मेघाला पाठव. डॉक्टर म्हणतात जवळ कोणीतरी पाहिजे."

माय तर काल दुपारीच येऊन बसली आहे. दुसऱ्या बायकोचं बोलणं ती विसरून गेली. आता म्हणते, बायको असताना माझं पोरगं दवाखान्यात एकटं पडलं. मेघाला तिनं हात जोडले. आणि खरं सांगते, मीही आत जाऊन मेघाची बॅग खाली काढली. विचार न करता. हातालाच सवय. मेघा दारात उभी राहून पाहत होती.

"ताई, बॅग ठेवून द्या," ती म्हणाली. "मी नाई जात."

मायनं रडायला सुरुवात केली. मेघा तिच्यासमोर खाली बसली, तिला खाली बसायला किती वेळ लागतो तुला माहीत आहे, आणि शांतपणे बोलली. ते जसंच्या तसं लिहिते.

"त्यायचं वाईट व्हावं असं माह्या मनात नाई, आत्याबाई. पन मले तिथं जिना चढता येत नाई, कुकर उचलता येत नाई. मी गेली त दोघं पडून राहू. अन ते बरे झाले का मले कुठं नेऊन सोडतीन, हे मले कोन सांगनार? इथं माह्या पोरींची परीक्षा हाये."

माय म्हणाली, बायकोचं काळीज असं दगडाचं नसतं. मेघा म्हणाली, दगडाचं असतं तर दुखलं नसतं. आणि उठून आत गेली. तुला ती स्वतः फोन करणार आहे, तब्येत विचारायला आणि जे बोलायचं ते बोलायला. कधी, ते तीच ठरवेल. तू तिला करू नकोस.

मग माय माझ्याकडे वळली. मला माहीतच होतं. बायको नाही तर बहीण. माझं प्लास्टर आत्ताच निघालं आहे, मनगट अजून वळत नाही, अंगणवाडीतून रजा मिळायची नाही, घरात दोन बिमार. तरी मी मनात हिशेब लावत होते की कोणाला काय सांगून निघता येईल. विवेक, मला माझाच राग आला. तू जाताना एवढाही विचार केला नव्हतास आणि माझ्याकडे न जाण्याची एवढी कारणं असून मी जायचीच वाट शोधत होते.

तेवढ्यात तुझे भाऊजी बोलले. कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होते.

"मी जातो."

मी हसले. मग चिडले. म्हटलं, तुम्हाला धरून न्यायला एक माणूस लागतं, तुम्ही काय करणार तिथं?

"बिमार कसं राहाचं हे मले येते. त्याले नाई येत," हे म्हणाले. "तुमी बायका गेल्या त तो पलंगावरून उतरनार नाई. मी गेलो त त्याले मले उठवा लागन."

मायला वाटलं जावई रूपरावांच्या डोक्यावर परिणाम झाला. मला काय वाटलं ते अजून ठरलेलं नाही. पण काजलशी बोलले, तिकिटं काढली. तुला विचारलं नाही. तूही आम्हाला विचारून बदली घेतली नव्हतीस.

कांताताई


९ फेब्रुवारी २०२५

विवेक,

हे पत्र यांच्या पिशवीत ठेवते आहे. महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये मी आणि मेघा यांना बसवून देऊ. त्याच डब्यातून ओळखीचं एक कुटुंब सांगलीला निघालं आहे, ते पुण्यापर्यंत लक्ष ठेवतील. पुण्याला काजल गाडीत चढेल, तुझ्या दारापर्यंत पोचवेल आणि त्याच दिवशी परत जाईल. तिला थांबवून घेऊ नकोस. मी तिला बजावलं आहे, तुलाही बजावते.

सकाळपासून हे लग्नाला निघाल्यासारखे तयार आहेत. कित्येक दिवसांनी गावाबाहेर पडताहेत. मेघानं तुझ्यासाठी काही दिलं नाही. यांच्यासाठी मात्र वाटेतल्या गोळ्या वेगवेगळ्या पुड्यांत बांधून दिल्या, गाठी दातांनी आवळून. मी रडले नाही. यांना पोचवून घरी आल्यावर मी काय करणार, हे मला कळत नाही. बहुतेक झोपेन.

यांच्या गोळ्यांचं यांनाच कळतं, तुझ्या गोळ्यांवरही ते लक्ष ठेवतील, आणि एसटीतल्या गोष्टी सांगून तुझं डोकं उठवतील. ऐकत जा. आंघोळीचं पाणी तुला काढून द्यावं लागेल. पाठीला साबण लावावा लागेल. रागावतील, तूही रागावशील. मग दोघं जेवाल.

एकच गोष्ट नीट समजून घे. डॉक्टरनं तुला रोज चालायला सांगितलं आहे, यांनाही सांगितलेलं आहे. दोघं मिळून जात जा. चालता चालता हे मध्येच थबकतात. पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, भर रस्त्यातसुद्धा. लोक पाहतात. तुला लाजल्यासारखं होईल, पुढं निघून जावंसं वाटेल, मलाही वाटायचं. हात धरून ओढू नको, ओढलं की पडतात. चला-चला म्हणू नको. शेजारी उभा राहा. पाय सुटतो त्यांचा, वेळ लागतो, पण सुटतो. तोवर कुठं जाऊ नकोस.

तुझी ताई
कांता